दुसऱ्याचा घोडा सांभाळताना

रायगडच्या किनाऱ्यावर घोडा म्हटला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक अलिबागच्या पुळणीवरचे. ओहोटी लागलेली आहे, कुलाबा किल्ल्याच्या दिशेने घोडागाडी निघाली आहे आणि आतली पाहुणेमंडळी दांडा घट्ट धरून बसली आहेत. दुसरे चित्र आपल्याच जिल्ह्यातल्या माथेरानचे. तांबडी माती, झाडांची सावली आणि लगाम धरून पुढे चालणारा घोडेवाला. हे दोन्ही घोडे कमावते आहेत. स्वतःच्या चंदीचे पैसे ते स्वतः मिळवतात आणि वर एका कुटुंबाची चूल पेटवतात.

आज मला बोलायचे आहे ते तिसऱ्या घोड्याविषयी. हा घोडा काही कमावत नाही. त्याचा मालक मुंबईत किंवा पुण्यात राहतो, आणि घोडा राहतो मांडवा, सासवणे, किहीम, नागाव, चौल अशा एखाद्या गावाच्या कडेला, दुसऱ्याच्या तबेल्यात. मालकाने महिन्याचे पैसे द्यायचे आणि तबेलेवाल्याने घोडा सांभाळायचा, असा हा व्यवहार. आपल्याकडे गाय-म्हैस राखणीला देतात, तसाच. मी गेली काही वर्षे हाच व्यवसाय करतो. त्यात मन:स्ताप किती आणि समाधान किती, याचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, हा व्यवहार आपल्या किनाऱ्याला नवा नाही. पंधराव्या शतकात, इसवी सन १४७० च्या सुमारास, अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून गलबताने चौल बंदरात उतरला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे, ते आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. ह्या माणसाबरोबर विकण्याजोगा माल म्हणजे एक घोडा होता. त्या काळी अरबस्तान-इराणचे घोडे समुद्रमार्गे आपल्या बंदरांत येत आणि दख्खनच्या दरबारांत त्यांना चांगली किंमत मिळे. निकितीन घोडा घेऊन घाट चढला, पाऊस लागला म्हणून जुन्नरास राहिला आणि पुढे बिदरपर्यंत जाऊन त्याने तो विकला. इथले लोक घोड्याला वाटाण्यासारखे कडधान्य आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी चारतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या टिपणांतून एक गोष्ट मात्र आजही तशीच लागू पडते. घोडा विकला जाईपर्यंत रोज खातो. कापडाचा गठ्ठा वखारीत चार महिने पडून राहिला तर फार तर धूळ खाईल. घोडा तसा पडून राहत नाही.

आमच्या धंद्यातला निम्मा मन:स्ताप ह्या एका वाक्यात आला. मालक महिनाभर आला नाही, तर महिनाअखेरीस हमखास विचारतो, "अहो, ह्या महिन्यात मी एकदासुद्धा बसलो नाही, मग पैसे पूर्ण कसे?" प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो. त्याला खरोखरच असे वाटते की आपण बसण्याचे पैसे देतो. पण बसणे हा घोड्याच्या दिवसातला एक तास. उरलेल्या तेवीस तासांचे काय?

त्या तेवीस तासांचा हिशेब सांगतो. चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो कोरडा आहार लागतो. शंभराला दोन, असा ढोबळ नियम धरावा. त्यातले निदान सहा किलो गवत हवे. उरलेली चंदी, म्हणजे भरडलेला हरभरा, ओट, कोंडा असे काही. पाणी तीस-चाळीस लिटर. शरीराच्या मानाने घोड्याचे पोट, म्हणजे जठर, लहान. गाईसारखे एकदम पोटभर खाऊन मग निवांत रवंथ करीत बसणे त्याच्या नशिबी नाही. त्याला थोडे थोडे आणि वरचेवर लागते. आणखी एक अडचण निसर्गानेच करून ठेवली आहे. घोड्याला उलटी होत नाही. चुकून काही वावगे पोटात गेले, तर ते वरच्या वाटेने बाहेर पडायची सोय नाही. म्हणून पोटदुखी हा घोड्याचा सर्वात मोठा वैरी. वेळेवर लक्षात आली तर निभावते, रात्रभर कुणी पाहिले नाही तर सकाळी घोडा हाती लागेलच असे नाही.

आमच्या किनाऱ्यावर ह्यात वाळूची भर पडते. जमिनीवर टाकलेली चंदी टिपताना घोडा दाण्याबरोबर पुळणही गिळतो. ती आतड्यात साचते आणि एक दिवस शूळ उठतो. उपाय साधा आहे. चंदी तोबऱ्यात किंवा गव्हाणीत द्यावी, पुळणीवर कधीही टाकू नये. शिक्षक मंडळींना एक सोपा प्रयोग सांगतो. घोड्याची ताजी लीद काचेच्या बरणीत पाण्यात कालवावी आणि थोडा वेळ स्थिर ठेवावी. वाळू असेल तर तळाला बसलेली दिसते. ती दिसली, की चारण्याची रीत बदलायची वेळ आली असे समजावे.

मग खूर. घोड्याचा खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर छाटून, नाल पुन्हा ठोकावी लागते. पूर्वी बाजाराच्या गावी नालबंद असे, बैलांनाही नाल लागे. आता गावोगाव ट्रॅक्टर आले आणि नालबंद दुर्मीळ झाला. तो बाहेरगावाहून येतो. त्याची एक खेप चुकली की दहा घोड्यांचे खूर एकदम वाढतात. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची जी व्यवस्था दिली आहे, तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितला आहे. म्हणजे पाणी आणि खूर ह्या दोन गोष्टी नशिबावर सोडायच्या नाहीत, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

आणि मग येतो पाऊस. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. नवे गवत कापून वाळून हाती येईपर्यंत दिवाळी उजाडते. म्हणजे जून ते ऑक्टोबर असे पाच महिन्यांचे गवत मे महिन्याच्या आत छपराखाली पडले पाहिजे. दिवसाला सहा किलो धरले तर एका घोड्याला नऊ क्विंटल, दहा घोड्यांना नव्वद क्विंटल. भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक, पण नुसत्या पेंढ्यावर घोडा राहत नाही. वरकस जमिनीवरचे चांगले वाळलेले गवतच लागते. ते उंच फळ्यांवर रचावे लागते, कारण ओल लागून बुरशी धरली की तेच गवत विष होते. घोड्याला खोकला जडतो, पोट बिघडते.

ह्या बाबतीत महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७३-७४ च्या उन्हाळ्यात, चिपळूणजवळ दळवटणे येथे छावणीला राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनाला येईल तसे उधळाल, तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्यातला इशारा आहे. चारा संपला म्हणून रयतेच्या घरात हात घालू नका, अशी ताकीद आहे. आणि रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाईची सूचनाही आहे. राज्य उभारणारा माणूस उंदराचा आणि वातीचा विचार करतो! साडेतीनशे वर्षे झाली. आज दिव्याच्या जागी विजेची तार आली, पण उंदीर तोच आहे आणि गवतही तेच. आमच्या तबेल्यात गवताच्या खोलीत विजेचे बटण नाही आणि तिथे बिडी ओढायला कुणालाही परवानगी नाही, मग तो मालक असो की मजूर.

पावसाळ्यात दुसरी अडचण घोडा फिरवण्याची. आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असलेले कोडे आहे: भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! कोडे घालणाऱ्याला घोडा चांगला माहीत असला पाहिजे. आठ दिवस जागच्या जागी उभा राहिलेला घोडा पायाने सुजतो, पोटाने अडतो आणि स्वभावाने बिघडतो. म्हणून भर पावसात, पागोळ्या गळत असताना, एकेक जनावर बाहेर काढून अर्धा तास चालवावे लागते. परत आणल्यावर चारी खूर उचलून आतला चिखल काढायचा, पुसून कोरडे करायचे. खुराच्या तळाशी मधोमध मऊ त्रिकोणी भाग असतो, तो सतत ओला राहिला की कुजतो आणि त्याला घाण वास येतो. तो वास नाकाला ओळखता यावा लागतो. पावसाळा सरला, तरी माशा असतात. रक्त पिणाऱ्या मोठ्या माशांमुळे सर्रा नावाचा ताप पसरतो. घोडा चांगला खात असूनही हडकत जातो, ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. अशा वेळी गावठी औषधात दिवस घालवू नयेत, पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्यावे.

मुंबईच्या आणि पुण्याच्या शर्यतीतून निवृत्त झालेले उंच घोडे आमच्याकडे येतात, त्यांची आणखी एक तऱ्हा. दमट उकाड्यात त्यांतल्या काहींना घाम येणेच बंद होते. ऐकायला बरे वाटते, पण घाम हाच घोड्याचा पंखा. तो बंद पडला की घोडा सावलीतही धापा टाकतो. त्याला थंड पाणी, वारा, मीठ आणि विश्रांती द्यावी लागते. तेवढ्याने भागले नाही, तर मालकाला सरळ सांगावे लागते, "साहेब, हा घोडा घाटावर न्या, हा किनारा त्याला मानवणार नाही." असे सांगितले की महिन्याचे उत्पन्न बुडते. सांगितले नाही, तर घोडा बुडतो.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी कामे झाली, ह्यात माणसांचा त्रास कुठे? तो तर खरा त्रास. रविवारी मालक येतो, खिशातून गुळाचा खडा काढून घोड्याला देतो. घोडा मान डोलावतो. मालक म्हणतो, "बघा, माझ्यावर किती जीव आहे याचा!" मागे आमचा मोतद्दार हातात खरारा घेऊन उभा असतो. तो पहाटे साडेचारला उठलेला असतो. तो काही बोलत नाही. प्रत्येक मालकाचा एक सल्लागारही असतो. तो कुणी तरी पुस्तकात वाचलेले सांगतो, चंदी वाढवा म्हणतो, पाणी कमी करा म्हणतो. आपण ऐकून घ्यावे, मान डोलवावी आणि घोड्याकडे पाहून जे योग्य ते करावे.

पण सर्वात अवघड प्रसंग असतो तो पैसे येणे थांबते तेव्हाचा. एका गृहस्थांनी मोठ्या हौसेने काळा घोडा आणून आमच्याकडे ठेवला. पहिले सहा महिने ते दर आठवड्याला येत. मग महिन्याने येऊ लागले. मग पैसे उशिरा येऊ लागले, आणि शेवटी फोन उचलणेही बंद झाले. चौदा महिने असे गेले. शेजारी म्हणत, घोडा अडकवून ठेवा, पैसे येतील. अडकवून काय ठेवायचे? गहाण पडलेले भांडे फडताळात राहते. अडकवलेल्या घोड्याला रोज सकाळी आपल्यालाच गवत घालावे लागते. घालणार नाही, असे म्हणायची तर सोयच नाही. जनावराला उपाशी ठेवणे किंवा वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता, तरी दाव्याला बांधलेल्या मुक्या जनावराकडे पाठ फिरवून जेवायला कोण बसेल?

अशा ठेवीला कायद्यात निक्षेप असा शब्द आहे. १८७२ च्या करार कायद्यात सांगितले आहे की दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असेल, तर शहाणा माणूस तशाच आपल्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी तिची घ्यावी. त्याच कायद्यात एक सुरेख उदाहरण दिले आहे. एकाने आपली गाय दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवली, ती तिथे व्याली, तर सांभाळणाऱ्याने गाईबरोबर वासरूही परत दिले पाहिजे. शेतकऱ्याला हे कायद्याने सांगावे लागत नाही, पण कागदावर असलेले बरे. म्हणून माझे सांगणे असे, की घोडा दारात घेण्याआधी कागद करावा. महिन्याचे पैसे किती, औषधाचा आणि नालबंदाचा खर्च कुणाचा, रात्री घोडा आजारी पडला आणि मालकाचा फोन लागला नाही तर डॉक्टरांना बोलावून खर्च करण्याचा अधिकार कुणाला, आणि सलग तीन महिने पैसे आले नाहीत तर घोड्याचे पुढे काय, हे चार प्रश्न त्यात असलेच पाहिजेत. त्या काळ्या घोड्याच्या मालकाने शेवटी कागदावर सही करून घोडा आमच्या नावे केला. चाऱ्याचे पैसे काही मिळाले नाहीत. घोडा मात्र अजून आमच्याकडे आहे. स्वभावाने इतका शांत, की नवा, बावरलेला घोडा आला की आम्ही त्याला ह्या काळ्याच्या शेजारी बांधतो. दोन दिवसांत नवा पाहुणा खाऊ लागतो.

नवा घोडा मात्र आणला आणि लगेच इतरांत बांधला, असे करू नये. तीन आठवडे वेगळा ठेवावा, त्याचा तोबरा, बादली, खरारा सगळे वेगळे. ग्लँडर्स नावाचा जो रोग आहे, तो घोड्यापासून माणसालाही होतो आणि जीव घेतो. त्यासाठी रक्त तपासतात. हरियाणात हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे पक्की तपासणी होते. नवा मालक कधी रागावतो, "माझा घोडा काय रोगी आहे का?" रागावू द्यावे. आधीच्या दहा घोड्यांचे आपण देणे लागतो. आणखी एक, तबेल्यात राबणाऱ्या प्रत्येक माणसाने धनुर्वाताची लस घेतलेली असावी. त्याचे जंतू लिदीत आणि मातीत असतात, आणि खिळ्याची जखम तर रोजचीच.

आमच्या धंद्याची खरी परीक्षा पाहिली ती २०२० सालाने. २५ मार्चला टाळेबंदी लागली. मालक येऊ शकत नव्हते, नालबंद येऊ शकत नव्हता. किनाऱ्यावर फेऱ्या मारणाऱ्यांची कमाई तर एका दिवसात बंद झाली. आम्ही सगळ्या घोड्यांच्या नाली काढून टाकल्या आणि खूर कानशीने घासून ठेवले. काही मालकांनी न मागता दोन महिन्यांचे पैसे आगाऊ पाठवले, काहींनी हात आखडता घेतला. माणूस ओळखण्याची तीच वेळ. मेअखेर गवत कसेबसे भरले, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले.

आदल्या रात्री प्रश्न एकच होता. घोडे आत बांधून ठेवायचे की मोकळे सोडायचे? आत छप्पर पत्र्याचे, बाहेर वारा. आमचा मोतद्दार म्हणाला, "बांधलेला जीव पळू शकत नाय, दादा." त्याचे म्हणणे पटले. माडा-पोफळींपासून दूर असलेल्या कुंपणाच्या शेतात सकाळीच घोडे सोडले. दोर कुठे अडकू नये म्हणून मोरखी काढून घेतल्या आणि प्रत्येकाच्या खुरावर रंगाने फोन नंबर लिहिला. दुपारी ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा सुटला. तबेल्याचे अर्धे पत्रे उडाले, दोन माड आडवे झाले. घोडे मात्र वाऱ्याकडे पाठ करून, माना एकमेकांजवळ घालून, खाली पाहत उभे राहिले. संध्याकाळी मोजले, सगळे होते. एकाच्या मांडीला खरचटले होते, बाकी काही नाही. नंतरचे आठ दिवस आम्ही शेतातून खिळे आणि पत्र्याचे तुकडे हाताने वेचत होतो. कित्येक दिवस वीज नव्हती, पाणी विहिरीतून पोहऱ्याने काढले. रोज तीनशे-चारशे लिटर. शेजारची माणसे, ज्यांच्या स्वतःच्या घरावर कौल उरले नव्हते, ती येऊन विचारून गेली, "घोडे बरे आहेत ना?" ह्या धंद्यात मिळाले काय, असे कुणी विचारले, तर मी हा प्रश्न सांगतो.

मिळकतीच्या बाजूला आणखीही काही आहे. एक घोडा दिवसाला पंधरा किलोच्या आसपास लीद टाकतो. ती कुजवून केलेले खत आमच्या गावचे शेतकरी भात निघाल्यावर कांद्याच्या वाफ्यांत घालतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे आपण ऐकलेच असेल. त्या कांद्याच्या माळेत आमच्या घोड्यांचाही थोडा वाटा आहे, असे आम्ही गमतीने म्हणतो. बदल्यात शेतकरी आपल्या वरकसातले गवत आम्हाला आधी देतात. पैशापेक्षा हा व्यवहार मला अधिक भरवशाचा वाटतो.

जवळच्या शाळेचे एक गुरुजी दरवर्षी सातवीचा वर्ग घेऊन येतात. मुलांना आम्ही आधी एक नियम शिकवतो, घोड्याच्या मागून जायचे नाही आणि जवळ जाताना बोलत जायचे. मग घोडा शांत उभा असताना त्याचा श्वास मोजायला लावतो. मिनिटाला आठ ते सोळा. जबड्याच्या खालची नाडी मोजतात, तीस-चाळीसच्या घरात भरते. मग स्वतःची मोजतात, आणि एवढ्या मोठ्या जनावराची नाडी आपल्यापेक्षा सावकाश कशी, असे विचारतात. दहा घोड्यांना पाच महिन्यांचे गवत किती, हे गणित तिथेच गंजीपुढे बसून सोडवतात. फळ्यावर ज्याला त्रैराशिक जमत नाही, अशा मुलालाही ते जमते, असे गुरुजी सांगतात. कारण उत्तर चुकले, तर कुणी तरी उपाशी राहणार आहे, हे त्याला समोर दिसत असते.

ह्या पुढे एक मोठा प्रश्न येणार आहे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितले. माथेरानला आता ई-रिक्षा आली आहे. घोड्याचे कष्ट कमी व्हावेत, ह्याला कोण नाही म्हणेल? पण काम सुटलेला घोडा उद्यापासून खायचा थांबत नाही. त्याला कुठे ठेवायचे, कोण पोसणार, हा विचार काम काढून घेण्याच्या आधी व्हायला हवा. तो नीट व्हायचा असेल, तर घोडा सांभाळणे हे एक शिकण्याजोगे काम आहे, तो कुणाचा तरी रिकामा छंद नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

आमच्या भागातले तरुण मला विचारतात, हा धंदा करावा का? मी म्हणतो, करा, पण घोडे मोजून घेऊ नका, गवत मोजून घोडे घ्या. छपराखाली आठ घोड्यांचे गवत असेल, तर नववा घोडा कितीही देखणा असला आणि मालक कितीही पैसे देत असला, तरी त्याला नमस्कार करा. पहाटे उठणारा माणूस आधी शोधा आणि त्याचा पगार मालकाच्या पैशाची वाट न पाहता द्या. आणि कौतुकाची अपेक्षा ठेवू नका. कारण आपल्या कामाची गंमतच अशी आहे की ते चांगले झाले तर दिसत नाही. घोडा खाल्ला, प्याला, चालला, रात्री चार घटका आडवा होऊन निजला आणि सकाळी बादलीचा आवाज ऐकून खिंकाळला. म्हणजे काय घडले? काहीच घडले नाही. ज्या दिवशी काही घडले नाही, तो आपल्या कमाईचा दिवस. असे दिवस एकामागून एक जोडत जाणे, हाच हा धंदा. त्यातला त्रास मी सांगितला, तो खराच आहे. पण दुसऱ्याने विश्वासाने दावे आपल्या हाती दिले, आणि त्या दाव्याला बांधलेला जीव आज संध्याकाळी स्वस्थ आहे, एवढे पाहून कंदील खाली करताना जे वाटते, ते मला दुसऱ्या कोणत्या धंद्यात मिळाले असते असे वाटत नाही.